आजी म्हणते, पोरगा वाचते

आर्वी तालुक्यातून मोझरीला जाणाऱ्या पायदळ दिंड्यांची बातमी सहसा जिल्ह्याच्या पानापलीकडे जात नाही. पण कोजागिरी झाली की आमच्या गावात लगबग सुरू होते. भगव्या टोप्या धुतल्या जातात, खंजिऱ्या उन्हात ठेवून तापवल्या जातात, पालखीत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची प्रतिमा आणि त्यांचा ग्रंथ ग्रामगीता ठेवली जाते आणि माणसं चालू लागतात. महाराजांचं निर्वाण 11 ऑक्टोबर 1968 रोजी दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी झालं. दरवर्षी आश्विन वद्य पंचमीला, त्याच मिनिटाला मोझरीच्या गुरुकुंजात, म्हणजे महाराजांच्या आश्रमात, लाखो लोक एकत्र मौन पाळतात. त्या मौनाला वेळेत पोचायचं, एवढाच आमच्या वारीचा नेम.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वारीला जायचं माझं कारण भक्तीइतकंच शाळेचंही होतं. वर्गात मुलांचं लक्ष टिकत नाही ही तक्रार आम्ही शिक्षक एकमेकांना सांगतो, पण आमचं स्वतःचं तरी कुठे टिकतं? एक तास शिकवताना टेबलावरचा फोन कितीदा उजळतो, ही माहिती भरा, तो फोटो टाका, लिंक आज बंद होणार. मला काही दिवस एकच काम करून पाहायचं होतं. चालायचं.

आमच्या दिंडीत एक नियम आहे. पहाटेचं सामुदायिक ध्यान झालं, गाव मागे पडलं की पहिला टप्पा कुणी बोलायचं नाही. भजन नाही, मोबाईल नाही. सुरुवातीला मला हा टप्पा जड गेला. पाय रस्त्यावर आणि डोकं सत्र परीक्षेच्या गुणपत्रकात. मग कधीतरी चपलेखालची गिट्टी जाणवू लागली, पुढच्या बाईच्या पदराची फडफड ऐकू आली, टिटवी ओरडली. तुरीवर दव होतं. सोयाबीनच्या गंज्यांवर ताडपत्र्या होत्या आणि एका वावरात मळणीयंत्राजवळ माणसं रात्रभर जागून चुलीवर चहा ठेवत होती. एका धुऱ्यावर दोन बाया सीतादहीची पूजा मांडून बसल्या होत्या. पहिल्या वेचणीआधी कपाशीला दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, ही आमच्याकडची रीत. मी शेतकऱ्याचीच लेक, तरी ती पूजा इतकी थांबून पाहिल्याचं मला आठवत नाही.

या टप्प्यात मन रिकामं होतं असं मी म्हणणार नाही. ते भटकतंच. पण पुढची ओळ चालत असते, मागची माणसं आपल्या पावलांवर पाय टाकत असतात, त्यामुळे भटकलेलं मन परत यायला एक जागा असते. घरी एकटीनं डोळे मिटून बसले की मला ती जागा सापडत नाही.

देऊरवाड्याजवळ वर्धा नदी ओलांडली की जिल्हा बदलतो आणि समोर कौंडण्यपूर येतं. रुक्मिणीचं माहेर. इथून पंढरपूरला जाणारी पालखी परंपरेनं 1594 पासूनची मानतात. पुलावर माझ्यासोबत गावातली एक आजी होती. सत्तरी ओलांडलेली, नऊवारी, हातात काठी. ती म्हणाली, "बाई, रुखमाई माहेराहून पंढरीले जाते, आपून मोझरीले. पाय तं सारकेच दुखते." नदीवर हातपाय धुतले, दर्शन घेतलं, पुन्हा वाट धरली. दुपारचं ऊन ऑक्टोबरचं, म्हणजे काय ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको.

या वारीतलं मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते एका संध्याकाळी घडलं.

कुऱ्ह्याच्या रस्त्यावर एका गावात शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम होता. गावकऱ्यांनी पोळी, फोडणीचं वरण आणि आलू-वांग्याची भाजी केली होती. सामुदायिक प्रार्थना झाली. प्रार्थनेसमोर गादी-लोडाचं अधिष्ठान मांडतात, त्यावर मूर्ती नसते, फोटो नसतो. त्यानंतर ग्रामगीतेचं वाचन. महाराजांचं स्वतःचं शालेय शिक्षण चौथीच्या पुढे गेलं नाही, आणि त्यांनी 41 अध्यायांचा हा ग्रंथ गावाला अर्पण केला. त्यात ग्रामआरोग्य आहे, महिलोन्नती आहे, आणि त्या रात्री वाचायचा होता तो जीवन शिक्षणाचा अध्याय.

वाचायला सातवीतला एक मुलगा बसला. हुशार पोरगा, स्पष्ट आवाज, एकही जोडाक्षर चुकत नव्हतं. पण ओव्या नुसत्या सुटत होत्या. पाच-सहा ओव्या झाल्या आणि आजीनं काठी जमिनीवर टेकवली.

"थांब रे. आता काय वाचलं तं सांग."

पोरगा पुस्तकात पाहू लागला.

"पुस्तकात नोको पाहू. सांग."

त्याला सांगता येईना. आजीला अक्षरओळख नाही. पण वर्षानुवर्षं संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर ऐकून तिच्या कानात अध्यायच्या अध्याय बसलेत. तिनं तीच ओवी डोळे मिटून म्हटली, सावकाश, जिथे श्वास घ्यायचा तिथे घेऊन. मग पोराला म्हणाली, "आता माह्यासंगं वाच." ती म्हणत गेली, तो बोट ठेवून वाचत गेला. तिला ओळ कुठे आहे ते दिसत नव्हतं आणि त्याला ओळीत काय आहे ते आतापर्यंत ऐकू आलं नव्हतं. दोन-तीन ओव्यांनी त्याचा वेग तिच्या वेगाला लागला. मग तो स्वतःच थांबला आणि म्हणाला, "आजी, म्हंजे शिकून काम करता येत नसन तं ते शिकणं अर्धं, असं म्हंते का हे?"

व्हरांड्यात बसलेले सगळे जागे झाले. अध्यायाचा रोख तोच आहे. शिक्षण पदवीपुरतं न राहता जगण्यात उतरावं, हातांना काम यावं, माणूस गावाच्या उपयोगी पडावा. पण पोरानं विचारल्यामुळे तो प्रश्न त्या रात्रीचा झाला. एक शेतकरी भाऊ बऱ्याच वेळानं बोलले. "माहा पोरगा इंजिनियर हाय, पुण्यात. त्याले वखर धरता येत नाही याचं मले दुःख नाही जी. पण सुटीत येते अन् कोणाशी धड बोलत नाही, फोनातच रायते. ते कोणत्या शाळेत शिकवते का नाही, मॅडम?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्या राज्यात 2022 पासून शाळांत आनंददायी अभ्यासक्रम आला. त्यात सजगतेचा भाग आहे, मुलं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देतात, नंतर गोष्ट ऐकतात, बोलतात. मी तो मनापासून घेते आणि मुलांना तो आवडतो. पण तो तास संपला की आम्ही त्याच मुलांना घाईला जुंपतो, आणि शांत बसणं हाही वेळापत्रकातला एक तास होऊन जातो. त्या व्हरांड्यात पोराचं लक्ष जागं केलं ते समोरच्या माणसानं. आजीला खरंच जाणून घ्यायचं होतं की त्याला काय कळलं. माझं मत आता पक्कं झालंय की लक्ष देणं मुलाला एकट्यानं शिकता येत नाही. त्याच्याकडे कुणी लक्ष द्यावं लागतं आणि दोघांच्या मधे दोघांना हवंसं काहीतरी असावं लागतं.

आमच्या वर्धा जिल्ह्याला हा विचार नवा नाही. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्यात शिक्षण परिषद झाली, गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, तीच पुढे नई तालीम झाली. त्याच्या आदल्या वर्षी, 1936 मध्ये, तुकडोजी महाराज सेवाग्रामला गांधीजींच्या सहवासात राहून आले होते. सूतकताई असो वा खंजिरी, हात गुंतले की मन थाऱ्यावर येतं आणि सोबत चार माणसं असली की ते काम गावाचं होतं. हे दोघांनाही ठाऊक होतं, असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी शाळेचं आवार झाडलं. हाही दिंडीचा नियम, जागा घेतली त्याहून साफ करून सोडायची. पत्रावळी उचलताना तोच पोरगा माझ्या शेजारी होता. एरवी शाळेत मुलांना झाडू दिला की काही पालक नाराज होतात. इथे सरपंचही झाडत होते, नाराज व्हायला कुणी उरलं नव्हतं.

तिवसा गेलं, महामार्ग लागला आणि चारी बाजूंनी पालख्या येऊन मिळू लागल्या. चंद्रपूर, यवतमाळ, अकोला. जय गुरुदेव, जय गुरुदेव. मोझरीत पाय ठेवायला जागा नव्हती. पंचमीला दुपारी आम्ही मैदानात होतो. वेळ झाली, ध्वनिक्षेपक थांबला आणि ती सगळी गर्दी उभ्या जागी गप्प झाली. कुठेतरी एक लेकरू रडत होतं, ते रडणं लांबवर ऐकू येत होतं. माझ्या एका बाजूला आजी, दुसऱ्या बाजूला कुणी अनोळखी माणूस, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. सकाळच्या टप्प्यांत जे थोडं थोडं जमलं होतं ते इथे आपोआप जमलं. मौनानंतर सर्व धर्मांच्या प्रार्थना झाल्या. काहींचे शब्द मला कळले नाहीत, पण सगळे शेवटपर्यंत तसेच उभे होते.

परत आल्यावर मी शाळेत शनिवारी एक वाचन सुरू केलंय. पाचवी ते सातवीची मुलं आणि गावातल्या ज्यांना वाचता येत नाही पण पाठ पुष्कळ आहे अशा आज्या-आजोबा, एकास एक. ओवी, अभंग, जात्यावरची गाणी, ज्याला जे येत असेल ते. म्हाताऱ्यांनी म्हणायचं, मुलांनी लिहून घ्यायचं, पुन्हा वाचून दाखवायचं, आणि अर्थ मात्र दोघांनी मिळून लावायचा. आजी पहिल्या शनिवारी वेळेआधीच येऊन बसली होती. एका मुलीनं तिच्या पणजीचं दळणाचं गाणं उतरवलंय, ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. सध्या अडचण एकच आहे, कापूस वेचणीला जोर आला की बाया सकाळीच वावरात जातात. म्हणून पुढच्या आठवड्यापासून हे वाचन प्रार्थनेच्या वेळेला, संध्याकाळी मंदिराच्या ओट्यावर घ्यायचं ठरलंय. तिथला दिवा गेलाय, तो ग्रामपंचायतीकडून लावून घ्यायचाय.