३४० ची रेषा चढली, पण एन्झाइमला पटली नाही

आमच्या प्रयोगाला लागणाऱ्या ऱ्होडियम कॉम्प्लेक्सची (ऱ्होडियम धातूचं उत्प्रेरक संयुग) फाइल खरेदी विभागात अडीच महिने पडून होती. आधी तीन कोटेशन लावा, मग एकच विक्रेता असेल तर तसं पत्र आणा, मग त्या पत्रावर तारीख नाही. नागपूरच्या मे महिन्यात त्या टेबलासमोर उभं राहिलेले तास आठवले की अजून चीड येते.

कायटोसानच्या (कोळंबीच्या कवचापासून मिळणारा पदार्थ) मण्यांवर अल्कोहोल डिहायड्रोजिनेज बसवणं चार दिवसांत उरकलं होतं. हे एन्झाइम ॲसिटाल्डिहाइडचं इथेनॉल करतं आणि दर वेळी एक एनएडीएच (एन्झाइमला इलेक्ट्रॉन पुरवणारा मदतनीस रेणू) खर्ची पडून त्याचं एनएडी होतं. ते महाग, सारखं नवं ओतणं परवडत नाही. म्हणून इओसिन-वाय हा प्रकाश शोषणारा रंग, त्यावर हिरवा एलईडी आणि इलेक्ट्रॉन पुरवायला ट्रायइथेनॉलअमीन, की वापरलेल्या एनएडीचं पुन्हा एनएडीएच.

फाइल हलेना, म्हणून ऱ्होडियमशिवायच लावून पाहिलं. ३४० नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण चढू लागलं. एनएडी तिथे शोषत नाही, एनएडीएच शोषतं. मी धावत जाऊन सरांना आलेख दाखवला. ते म्हणाले, "दिवा बंद कर, ॲसिटाल्डिहाइड आणि ताजं एन्झाइम घाल, मग बघ." खरं एनएडीएच असतं तर रेषा झरझर खाली आली असती. दहा मिनिटं क्युव्हेटसमोर (मोजणीची छोटी पारदर्शक नळी) बसले. रेषा जागची हलली नाही.

इओसिनकडून इलेक्ट्रॉन एकेकच येतो. असा एक इलेक्ट्रॉन मिळालेले दोन एनएडी एकमेकांना चिकटतात आणि तो डायमर म्हणजे जोडरेणूही ३४० च्या आसपासच शोषतो. एन्झाइमला तो चालत नाही. ऱ्होडियम मात्र दोन इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन जमवून हायड्राइड (दोन इलेक्ट्रॉनवाला हायड्रोजन) नेमका एनएडीच्या चौथ्या कार्बनवर ठेवतो. म्हणून ती फाइल!

शेवटी केशरी पूड आली. त्याच संध्याकाळी तीच चाचणी केली आणि रेषा उतरली. मी खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेले, डोळे भरून आले होते.

असा प्रयोग करणाऱ्यांनी ही चाचणी पहिल्याच दिवशी करावी. ट्रायइथेनॉलअमीनचा सामू आधी आम्लाने खाली आणा. द्रावणातून नायट्रोजन सोडा, ऑक्सिजन इओसिनची ऊर्जा खातो. आमच्याकडे एसी नाही, कूलर आहे, त्यामुळे बाटली थंड पाण्याच्या बीकरमध्ये ठेवावी लागली. तुलनेसाठी फॉइल गुंडाळलेला अंधारातला नमुनाही हवाच. आणि हो, ऱ्होडियम एन्झाइमलाही चिकटून ते निकामी करतं, म्हणून मण्यांवरच्या एन्झाइमची क्रिया दर फेरीनंतर मोजते.