हुरहुरीला इंग्रजीत काय म्हणतात?

लेकीचा इंग्रजीचा गृहपाठ: 'सॅड'ला दुसरे शब्द लिहा. अपसेट, ग्लूमी, मिझरेबल... धडाधड झाले. मग म्हणाली, "आई, नॉस्टॅल्जिक चालेल?"

शोधलं तर काय! १६८८ साली योहान्स होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने ग्रीक 'नोस्टोस' म्हणजे घरी परतणं आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना जोडून 'नॉस्टॅल्जिया' घडवला. चक्क आजाराचं नाव म्हणून! मला आमची लालबागची चाळ आठवली. आता तिथे टॉवर आहे. गॅलरीच्या कठड्यावर वाळणारे आजीचे पोह्याचे पापड, आणि कावळे हाकलायला बसवलेली मी.

"आणि हुरहूर?"

लाँगिंग? छे. अनईझी? अजिबात नाही. रुखरुख तर तिने विचारलीच नाही, नशीब. वहीत ती ओळ अजून कोरी आहे, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. भाताची पेज झालीये.