प्रयागपासून शिवाजी पुलापर्यंत: फिशफाइंडर आणि फवारणी पंपाची बॅटरी

डिसेंबरात कोल्हापूरजवळ पंचगंगेवर, प्रयाग चिखलीच्या संगमाखालच्या वळणावर, आमचा फिशफाइंडर (पाण्यात आवाज सोडून खोली आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) तिसऱ्यांदा बंद पडला. भावानं वल्हं जरा जोरात ओढलं, होडी डावीकडं कलली आणि पडदा काळा. पुन्हा चालू केला, दहा मिनिटं चालला, पुन्हा काळा. त्या दिवशी नऊ वाजताच परत फिरलो. बाजूला जाळं काढत असलेल्या भोई मामांनी विचारलं, "काय ओ, ह्येला लई करंट लागतोय काय?" म्हटलं, "न्हाई मामा, गाडीच्या इंडिकेटरच्या बल्बाला लागतोय तेवढाच." "मग बंद का पडतंय?"

या प्रश्नाचं उत्तर मिळायला मला तीन आठवडे लागले. ते मिळाल्यावर जानेवारीत त्याच पाण्यात पुन्हा उतरलो आणि सहा तास पडदा एकदाही विझला नाही. ज्यांना लहान होडीवर असं यंत्र लावायचं आहे त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय, कारण आमची सहा-सात रविवारची सकाळ यात वाया गेली.

होडी १२ फुटी, फायबरची, वल्ह्याची. फिशफाइंडर ५ इंची पडद्याचा. त्याला १२ व्होल्ट ७ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) सीलबंद शिशाची बॅटरी जोडलेली, यूपीएसमध्ये असते तीच, दोन वर्षं वापरलेली. घरी मीटर लावला की १२.६ व्होल्ट दाखवायची, म्हणून आम्ही तिला चांगली समजत होतो. खरी चूक हीच. काही जोडलेलं नसताना दिसणारा व्होल्टेज बॅटरीत दम किती आहे ते सांगत नाही. म्हातारी बॅटरीसुद्धा चार्जरवरून काढल्यावर तोंड टवटवीत ठेवते. खरं काय ते लोड दिल्यावरच कळतं.

म्हणून गच्चीवर चाचणी घेतली. रात्रभर पूर्ण चार्ज केली, काढून दोन-तीन तास ठेवली, मीटर १२.८. मग जुन्या स्कूटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा इंडिकेटरचा बल्ब थेट जोडला. असा बल्ब साधारण ०.८ अँपिअर खातो, म्हणजे फिशफाइंडरपेक्षा थोडा जास्तच. दर अर्ध्या तासानं वहीत आकडा लिहिला. पहिल्या तासात १२.२, दुसऱ्यात ११.७, आणि ३ तास २० मिनिटांनी १०.५. तिथं बल्ब काढला. शिशाच्या बॅटरीला १०.५ च्या खाली नेऊ नये. हिशेब सरळ आहे: ७ एएच लिहिलेल्या बॅटरीत जेमतेम पावणेतीन उरले होते. ही चाचणी कुणीही करू शकतं. बल्ब, दोन वायरी आणि साधा मल्टिमीटर, बस्स. नवी बॅटरी आणली तरी पहिल्याच आठवड्यात करून तारखेसह लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी ताडून बघता येतं.

पण तेवढ्यानं मामांचा प्रश्न सुटत नव्हता. बॅटरी संपल्यावर यंत्र बंद पडेल हे कळतं, होडी कलल्यावर का पडावं? ते उत्तर थिंबलमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकाला चेपून बॅटरीच्या टोकावर बसवायच्या धातूच्या तुकड्यात, सापडलं. या लहान बॅटऱ्यांची टोकं दोन मापांची येतात, एक ४.८ मिलिमीटर रुंद आणि एक ६.३. आमच्या बॅटरीचं टोक बारीक होतं आणि आम्ही बसवलेलं थिंबल मोठ्या मापाचं. बसलेलं दिसायचं, पण बोटानं हलवलं की डुलायचं. त्यात ते पाण्याच्या वाफेनं हिरवट पडलेलं. मीटरच्या पिना यंत्राकडच्या टोकाला धरल्या आणि भावाला वायर हलवायला सांगितलं, तर आकडा ११.९ वरून ९ च्या खाली घसरून परत वर येत होता. यंत्राला साधारण १० व्होल्टच्या आसपास तरी लागतात (आपल्या यंत्राचं पुस्तक बघा, प्रत्येकाचं वेगळं असतं), त्यामुळं तेवढ्या क्षणात ते विझायचं. थकलेली बॅटरी आणि सैल सांधा, दोन्ही एकत्र आले होते. नुसती बॅटरी बदलली असती तरी त्रास गेला नसता, आणि मग आम्ही यंत्रालाच शिव्या देत बसलो असतो.

थिंबल योग्य मापाची आणली, पक्कडीनं चेपायच्या ऐवजी क्रिंपिंगच्या हत्यारानं दाबून घेतली, बसवल्यावर वरून व्हॅसलिन लावलं. वायर दीड एमएमची घेतली. बॅटरीची टोकं पकडायचे वायरीचे चिमटे मात्र कायमचे काढून टाकले. चिमटा गच्चीवर ठीक आहे, होडीवर नाही. धन टोकापासून वीतभर अंतरात ३ अँपिअरचा फ्यूज घातला आणि त्याच मापाचे दोन जादा फ्यूज डब्यात ठेवले. फ्यूज यंत्राला वाचवतो असं लोक म्हणतात, पण पहिल्यांदा तो वायरीला वाचवतो. वायर कुठं घासून उघडी पडली तर लहानशी बॅटरीसुद्धा तिला लाल करते, आणि फायबरच्या होडीत नदीच्या मधोमध ते नको.

बॅटरी कुठली घ्यायची यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी उत्तर गोठ्यातच लटकलेलं होतं. आमच्या फवारणी पंपात १२ व्होल्ट १२ एएचची सीलबंद शिशाची बॅटरी आहे, चार्जरसकट. काही पंपांत ८ एएचची असते, झाकण उघडून वर लिहिलेलं वाचा. हीच चाचणी तिच्यावर केली. सात तासांनंतरही बल्ब जळत असताना १२.० दाखवत होती, तिथंच मी थांबलो. शिशाच्या बॅटरीतली निम्मी वीजच आपली समजायची. रोज तळापर्यंत उपसली तर ती वर्षभरात संपते, निम्म्यावर थांबलं तर बरीच टिकते. वडिलांनी एकच अट घातली: "फवारणीच्या दिवशी बॅटरी जाग्यावर पायजे." ती आम्ही पाळतो.

आता प्रत्यक्ष दिवस. जानेवारीचा दुसरा रविवार, सव्वासहाला प्रयागला. धुकं इतकं की दत्ताच्या देवळाचा कळस तेवढा दिसत होता. वाटेत दोन गुऱ्हाळं पेटलेली, सगळ्या रस्त्याला काकवीचा वास. खालच्या अंगाच्या राजाराम बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असले की वर शिवाजी पुलापर्यंत आणि त्याच्याही वर पाणी संथ तुंबून राहतं, त्यामुळं वल्ह्याच्या होडीला हा काळ सगळ्यात चांगला. पावसाळ्यात ३९ फुटांचा इशारा आणि ४३ फुटांचा धोका ज्या नदीबद्दल आपण श्वास रोखून ऐकतो, तीच ही नदी आहे हे त्या सकाळी खरं वाटत नाही.

ट्रान्सड्यूसर, म्हणजे यंत्राचा पाण्यात आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग, बसवायला उद्यमनगरातून ॲल्युमिनियमची पट्टी वाकवून आणली होती, होडीच्या कडेला स्क्रूनं आवळता येईल अशी. ट्रान्सड्यूसर पाण्यात दोन-तीन इंच बुडालेला आणि अगदी सपाट हवा, तिरका असला की मासा एका बाजूला आणि चित्र दुसऱ्या बाजूला. पट्टी ५० ग्रॅम जड झाली तरी चालेल, पण डुलता कामा नये.

सुरू केल्यावर पहिलं काम म्हणजे पडद्याचा उजेड निम्म्यावर आणला. मल्टिमीटर ओळीत जोडून घरी मोजलं होतं: पूर्ण उजेडाला ०.७२ अँपिअर, निम्म्याला ०.४८. धुक्यात आणि सकाळच्या सावलीत निम्मा भरपूर होतो. सहा तासांचे तीन एएच, आपल्या हाताशी सहा. इतका फरक हातात असला की मन पाण्यात राहतं, आकड्यात अडकत नाही.

संगमाखाली १३ फूट, वळणावर १६, आणि आंबेवाडीच्या बाजूला एके ठिकाणी एकदम २२ फूट. पाण्याचं तापमान २२ अंश. एक गोष्ट नवख्यांना कुणी सांगत नाही, म्हणून लिहितो. यंत्राच्या २०० किलोहर्ट्झच्या आवाजाचा झोत साधारण २० अंशांचा असतो, म्हणजे १६ फूट पाण्यात तळाशी जेमतेम साडेपाच फूट रुंदीचा गोल दिसतो. होडीच्या आसपास दहा फुटांवर कटल्याचा थवा असला तरी पडदा रिकामा. पडद्यावर मासा नाही म्हणजे नदीत मासा नाही असं धरून जागा बदलत फिरू नका. आम्ही यंत्राचा उपयोग मासा शोधायला कमी आणि डोहाची कड शोधायला जास्त करतो. २२ फुटांच्या डोहाच्या कडेला, जिथं तळ १५ वर चढतो, तिथं गळ टाकले. दोन चिलापी आणि एक हातभर वाम. मरळ कडेच्या गवतात असते, तिथं यंत्राचं काही काम नाही.

साडेनऊला भावाचा मोबाइल उतरला. त्यानं गाडीतला चार्जर त्याच बॅटरीला जोडला, आणि पडद्यावर वरपासून खालपर्यंत ठिपक्यांच्या रेघा सुरू झाल्या, जणू सगळ्या पाण्यात बारीक मासे. चार्जर काढला, रेघा गेल्या. स्वस्त चार्जर विजेत खरखर सोडतात आणि यंत्राला तो माशांचा प्रतिध्वनी वाटतो. मोबाइलला वेगळी पॉवर बँक न्या. विजेवरची मोटर लावणाऱ्यांनी तर फिशफाइंडरची बॅटरी वेगळीच ठेवावी. लहान मोटरसुद्धा पूर्ण वेगात ३० अँपिअरच्या आसपास ओढते, सुरू होताना व्होल्टेज पाडते आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून चालू होतं.

लिथियमचं विचारणारे पुष्कळ भेटतात. आमच्या एका मित्राकडं १२ एएचची लिथियम फॉस्फेटची आहे, वजन आमच्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी, आणि जवळजवळ सगळी वीज वापरता येते. दर रविवारी जाणार असाल आणि ऐपत असेल तर घ्याच. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत १३ च्या आसपास सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो, त्यामुळं मीटर बघून काही कळत नाही, तास मोजावे लागतात. आणि चार्जर तिचाच हवा, १४.६ व्होल्टला थांबणारा. जुन्या लॅपटॉपच्या सेलांची घरी जुळवलेली बॅटरी मात्र होडीत आणू नका. संरक्षणाचं सर्किट नसलेली असली बॅटरी पेटली तर पळायला जागा नाही.

बॅटरी आम्ही स्वयंपाकघरातल्या कड्या लावायच्या डब्यात ठेवतो, तळाला जुन्या चपलेचं रबर, वायरीसाठी एक भोक, डबा दोरीनं फळीला बांधलेला. चार्ज करताना मात्र बॅटरी डब्यातून बाहेर काढायची, कारण शिशाच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी थोडा वायू सुटू शकतो आणि तो बंद डब्यात कोंडायला नको. घरी आलात की त्याच संध्याकाळी चार्जिंगला लावा. अर्धी उतरलेली शिशाची बॅटरी पुढच्या रविवारपर्यंत तशीच पडली तर आतून कडक होत जाते. आमची पहिली बॅटरी अशीच गेली. पावसाळ्यात पूर्ण चार्ज करून कोरड्या जागी ठेवायची आणि दर दोन महिन्यांनी एकदा भरून घ्यायची.

जाणाऱ्यांसाठी आणखी थोडं. जाळ्यांच्या मालकांना आधी विचारा, त्यांची पोटं या पाण्यावर आहेत. तरंगणाऱ्या बाटल्या दिसल्या की लांबून वळसा घ्या. लाइफ जॅकेट अंगात, होडीत नव्हे. शिवाजी पुलाच्या खाली आम्ही जात नाही. पुढं शहराचे नाले मिळतात, तिथला मासा घरी नेण्याची हिंमत होत नाही, आणि हे लिहिताना वाईट वाटतं. बंधाऱ्याच्या जवळ तर कुणीच जाऊ नये. बर्गे काढायचे दिवस असतील तर पाण्यातच उतरू नका.

साडेबाराला परत येताना भोई मामा काठावर जाळं सोडवत बसलेले. दोन जागी फाटलेलं. त्यांनी पडद्याकडं बघून विचारलं, "आज चालू हाय की!" मग म्हणाले, "माझं जाळं त्या करंजाच्या समोर धा वेळा अडकलंय. बघशीला?" त्यांना होडीत घेतलं. करंजासमोर दोनदा आडवं गेलो. तिसऱ्या फेरीला १४ फुटांवर तळातून वर आलेली जाड फांदी दिसली, तिच्या मागं आख्खा बुंधा, पुरात वाहून आलेला. मामांनी पडद्यावर बोट ठेवलं, मग काठावरच्या झाडाकडं आणि पलीकडच्या विजेच्या खांबाकडं बघून जागा मनात धरली. घरी आल्यावर बॅटरी मोजली. १२.५.