एक प्लग हवा होता

हवा होता फक्त एक प्लग. टेबल खिडकीशी सरकवलं आणि एक्स्टेन्शनची वायर खोलीभर आडवी पडली. दोनदा तिच्यात पाय अडकून पडता पडता वाचले, मग वायरमनला बोलावलं. "एकच पॉइंट आहे, अर्ध्या दिवसाचं काम," असं मीच त्याला ऐकवलं. तो काही बोलला नाही. बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक करत राहिला.

रंगवलेली भिंत मिठाची गुळणी धरून उभी असते. आतून कुठून काय गेलंय, ताकास तूर लागू देत नाही. पण वायरमनला तिची एक सवय ठाऊक असते: नीट केलेलं वायरिंग तिरपं जात नाही. बोर्डापासून सरळ वर, सरळ खाली, नाहीतर आडवं. म्हणजे बोर्डाच्या बरोबर वरची पट्टी धोक्याची. मी नेमका तिथेच तसबिरीसाठी खिळा ठोकला होता. त्याने खिळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. एवढ्यावरच भागलं.

सगळीकडे खाच मारत सुटायला तो तयार नव्हता. आडवी खाच भिंतीला जास्त कमजोर करते म्हणे. (नंतर वाचलं: ब्रिटनच्या बांधकाम मार्गदर्शनात उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल चालते, आडवी मात्र एक षष्ठांशच.) त्यापेक्षा छताजवळच्या जंक्शन बॉक्सपासून जुन्या पाईपमधून वायर उतरवायची आणि खाली शेवटचा हातभर तुकडा तेवढा फोडायचा, असं ठरलं. त्या खोलीची लाइन मेन बोर्डावरून बंद केली. टेस्टर आधी चालू प्लगवर लावून तो जळतो का ते त्याने पाहून घेतलं होतं. बंद टेस्टरवर विश्वास ठेवणारे वायरमन म्हातारे होत नाहीत, असं त्याचं म्हणणं.

मग फिश वायर, म्हणजे पाईपातून वायर ओढून घ्यायची ताठ तार, आत सरकवली. चार हात गेली आणि थांबली. मागे घेतली, पिळली, पुन्हा सरकवली. तिथेच थांबली. "एल्बो टाकलाय कुणीतरी," तो म्हणाला. गोलाईने वाकवलेल्या पाईपऐवजी काटकोनी जोड! कधीकाळच्या कुणाची तरी ती पाच मिनिटांची बचत होती.

वळणाचं गणित मोठं खट्याळ आहे. ओढायला लागणारा जोर वळणागणिक बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. घर्षणांक 0.5 धरला तर एका काटकोनी वळणानंतर जोर साधारण 2.2 पट लागतो, तीन वळणांनंतर दहापटीच्या वर, चौथ्याला 23 पट. दोन बॉक्सच्या मधे काटकोनाची चारपेक्षा जास्त वळणं नकोत, असा दंडक काही नियमावल्यांत आहे. त्यामागचा घाम मी त्या दिवशी पाहिला.

शेवटी त्याने माझ्याकडे व्हॅक्यूम क्लीनर मागितला. प्लॅस्टिकच्या पिशवीचा चिमूटभर बोळा केला, त्याला नायलॉनचा बारीक दोरा बांधला आणि बोळा वरून पाईपात सोडला. खालच्या तोंडाशी क्लीनरची नळी, फटीला चिंधी. क्लीनर घुरघुरला आणि वरचं रीळ गरगर फिरायला लागलं. पतंग भिंतीच्या आत उडतोय आणि मी ढील देतेय, असं वाटलं. पंधरा सेकंदांत बोळा खाली! दोऱ्यामागून जाड दोरी, दोरीला 2.5 चौरस मिलिमीटरच्या तीन वायरी, टोकं एकापुढे एक ठेवून निमुळती बांधलेली, वर टाल्कम पावडर. तो खालून ओढणार, मी वरून भरवणार. "ताई, ढकलू नका, नुसती सोडा." हे त्याला सहा वेळा सांगावं लागलं.

धुळीबद्दल न बोललेलंच बरं. खाच बुजवून वर रंगही लावला, त्याच डब्यातला. तरी संध्याकाळच्या तिरप्या उजेडात ठिगळ दिसतंच. भिंतीवरचा रंग मधल्या काळात विटलाय.

प्लेट बसवण्याआधी त्याने एक जास्तीची दोरी पाईपात तशीच ठेवली, वायरींबरोबर ओढून घेतलेली. दोन्ही टोकं बॉक्समध्ये गुंडाळली. ही कशाला, विचारलं तर म्हणाला, "पुढच्या माणसाला."

टेबल आता पुन्हा जुन्या जागी आहे. खिडकीतून दुपारचं ऊन थेट स्क्रीनवर येतं.