चाल धरून जावं

दुपारी जेवून मोबाईलवर गाणी लावून लवंडणाऱ्यांना हा अनुभव असतो. लावलेलं असतं एक, डोळा लागतो, आणि जाग येते तेव्हा भलतीच बाई गात असते. भाषा कळत नाही, पण उठून बंद करावंसंही वाटत नाही. ती बाई चिनी गात असेल तर बहुधा तेरेसा तेंगच असते. यूट्यूबला या प्रांतातली दुसरी बाई आधी सुचतच नाही.

खरी गंमत इथून पुढे सुरू होते आणि बहुतेकांची गाडी इथेच भरकटते. ‘चिनी गायिका’ असं शोधलं की पन्नास गाण्यांची यादी समोर येते. सगळ्या गोड, सगळ्यांच्या मागे पियानो, आणि दहाव्या गाण्यापर्यंत कोण कोणती हे कळेनासं होतं. याद्यांच्या नादी लागू नये. गायिकेपेक्षा चालीच्या मागे जावं. या गाण्यांत चाली एकीकडून दुसरीकडे इतक्या फिरतात की एक चाल धरली की चार बायका आपोआप भेटतात.

तेरेसाचंच घ्या. ‘चंद्रच सांगेल माझ्या मनातलं’ अशा अर्थाचं तिचं जे गाणं जगभर वाजतं, ते पहिल्यांदा तिने गायलेलं नाही. १९७३ साली चेन फेन-लान या तैवानी गायिकेने ते गायलं. तेरेसाने १९७७ मध्ये गायलं आणि ते तिचंच झालं. दोन्ही लागोपाठ ऐका. चाल तीच, शब्द तेच. पण तेरेसा ओळीचा शेवटचा सूर दाबून धरत नाही, सोडून देते. श्वास लपवत नाही. जोर कुठेच नाही, आणि नेमकं तेच साधायला अवघड आहे. तिची नक्कल करणाऱ्या बहुतेक जणी तिथेच सापडतात, कारण हळू गाताना त्यांचा सूर उतरतो.

चिनी गाणं म्हणजे सगळा भूपच, म्हणजे मध्यम आणि निषाद वगळलेला पाच सुरांचा राग, असा आपल्याकडे एक समज आहे. लोकगीतांत त्यात तथ्य आहे. या गाण्याची पहिलीच ओळ मात्र पेटीवर वाजवून बघा: मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम, सा, ग, प, परत सा, मग मंद्र निषाद, ग, प. निषाद आला की भूप संपला. पहिल्या ओळीची सगळी हुरहुर त्या एका निषादात आहे.

हे वाजवून बघणं आपल्याला फार सोपं आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. चिनी गाण्यांची स्वरलिपी आकड्यांत असते: १ म्हणजे सा, २ म्हणजे रे, असं ७ म्हणजे नीपर्यंत. आकड्याखाली टिंब असेल तर मंद्र, वर असेल तर तार, म्हणजे आपल्याकडच्या भातखंडे स्वरलिपीसारखंच. आकड्यापुढच्या आडव्या रेघेने सूर एक मात्रा लांबतो, आणि शून्य म्हणजे विश्रांती. पानाच्या डोक्यावर १ बरोबर अमुक पट्टी असं लिहिलेलं असतं, तो आपला षड्ज. गोंधळ होतो तो एकाच जागी. भातखंडे पद्धतीत स्वराखाली रेघ म्हणजे कोमल. इथे आकड्याखाली रेघ म्हणजे अर्धी मात्रा. सवयीने कोमल वाजवत गेलात तर त्या बिचाऱ्या प्रेमगीताची भैरवी होते. कोमल दाखवायचा असेल तेव्हा आकड्याच्या आधी पाश्चात्त्य स्वरलिपीतलं चिन्ह येतं.

दुसरी सोय उच्चारांची. रोमन लिपीतला चिनी मजकूर इंग्रजीसारखा वाचला की सगळं बिघडतं. त्यातले बी, डी, जी हे आपले साधे प, त, क आहेत आणि पी, टी, के हे फ, थ, ख. तेरेसाच्या गाण्याला ‘थ्येन मी मी’ म्हणा, ‘टियान’ नको. झेड म्हणजे आपला ‘चोर’मधला च. हिंदीवाल्यांकडे हा च नाही, इंग्रजीत तो शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, आपण मात्र पाळण्यात असल्यापासून म्हणतो. चढउताराचे जे चार स्वराघात शिकणाऱ्यांना रडवतात, ते मँडरिन (म्हणजे प्रमाण चिनी) गाण्यात चालीखाली बऱ्यापैकी झाकले जातात. बोलता येत नसलं तरी गाता येतं ते त्यामुळे.

तेरेसाचं कुटुंब चीनच्या मुख्य भूमीवरून तैवानला गेलेलं. मुख्य भूमीवर तिचा एकही कार्यक्रम झाला नाही, पण ध्वनिफितींच्या नकलांच्या नकला तिथे घरोघरी पोचल्या. चीनचे तेव्हाचे नेते तंग श्याओफिंग (आपण डेंग म्हणतो ते) आणि ती, दोघांचं आडनाव एकच. त्यावरून लोक म्हणायचे की दिवसा थोरल्या तंगांचं ऐकायचं, रात्री धाकटीचं. १९९५ च्या मे महिन्यात थायलंडमध्ये चिआंग माईला दम्याच्या झटक्याने ती गेली. वय बेचाळीस.

आता धागा ओढू. १९८३ मध्ये तेरेसाने जुन्या चिनी कवितांना चाली लावलेला एक संग्रह गायला. त्यात अकराव्या शतकातल्या सू शर् या कवीची मध्यशरद पौर्णिमेवरची कविता आहे. तिची चाल ल्यांग होंग-चर् या तैवानी संगीतकाराची. हे नाव धरलं की थेट साय चिन ही तैवानी गायिका भेटते, कारण तिची सुरुवातीची गाजलेली गाणी त्याचीच आहेत. आवाज अगदी खालच्या पट्टीतला. हाय-फायच्या दुकानांत स्पीकर तपासायला जी चिनी गाणी हमखास लावतात, त्यांत तिची असतातच. एकात सुरुवातीला आवाजाच्या पाठीशी जवळजवळ काहीच नाही, त्यामुळे स्पीकर मधल्या पट्टीत जरा जरी खोटं बोलला तरी लगेच कळतं. दुसऱ्यात आरंभी मोठा ढोल आहे. खोका हलका असेल तर ढोलाचे ठोके सुटे ऐकू येत नाहीत, एकमेकांत मिसळून नुसता घुमारा राहतो. ‘इन्फर्नल अफेअर्स’ या २००२ च्या हाँगकाँगच्या चित्रपटात पोलीस आणि चोर एकमेकांना न ओळखता दुकानात शेजारी बसून गाणं ऐकतात, ते यातलं पहिलं.

तीच पौर्णिमेची कविता फे वाँगनेही गायली आहे, १९९५ मध्ये, तेरेसाच्या गाण्यांचा एक संपूर्ण संग्रह केला तेव्हा. फे मूळची बीजिंगची, अठराव्या वर्षी हाँगकाँगला आली. तेरेसा मधात बुडवून गाते, फे तिऱ्हाइतासारखी गाते. वरच्या सुरावर जाताना तिचा आवाज मध्येच चटकन पलटतो, जणू एका आवाजातून दुसऱ्यात उडी. ही सवय तिने आयरिश गायिकांकडून उचलली असं म्हणतात आणि ते पटण्यासारखं आहे, कारण द क्रॅनबेरीज या आयरिश बँडचं एक गाणं तिने १९९४ मध्ये कँटनीजमध्ये, म्हणजे हाँगकाँगच्या भाषेत, गायलंच होतं. शोधताना एक लक्षात ठेवा: फे वाँग आणि वांग फेई एकच. सुरुवातीच्या तबकड्यांवर तर तिसरंच नाव आहे.

कँटनीज आणि मँडरिनमध्ये गफलत करू नये. ओळखायची युक्ती सोपी आहे. प्रेमगीतात ‘मी’ येणारच. ‘वो’ ऐकू आलं तर मँडरिन, ‘ङो’ ऐकू आलं तर कँटनीज. (वाङ्मयातला तो ङ अखेर कुठेतरी उपयोगी पडला.) शिवाय मँडरिनमध्ये शब्दाच्या शेवटी न किंवा ङ सोडून व्यंजन सहसा नाही, कँटनीजमध्ये म, प, त, क येतात. हृदयाला मँडरिनमध्ये ‘शिन’, कँटनीजमध्ये ‘सम’.

कँटनीज गीतकारांची मात्र मला दया येते. तिथे स्वराघात चालीखाली झाकता येत नाहीत. चाल आधी तयार असते आणि शब्दाचा चढउतार चालीच्या चढउताराशी जुळला नाही तर शब्दाचा अर्थच बदलतो, ऐकणारे हसतात. म्हणून ते आधी आकडे बसवतात: शून्य, दोन, चार, तीन. कँटनीजमध्ये या आकड्यांचे उच्चार याच क्रमाने खालून वर चढतात. ‘लिंग’ सर्वांत खाली, ‘साम’ सर्वांत वर. चाल आकड्यांत म्हणून बघायची आणि मग प्रत्येक आकड्याच्या जागी त्याच उंचीचा शब्द शोधायचा. आपल्याकडे मीटरवर, म्हणजे तयार चालीवर, गाणी लिहिणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं.

एका चालीवर अशी आकडेमोड दोनदा झाल्याचं उत्तम उदाहरण १९८९ चं आहे. मासाहिको कोंदो या गायकाचं एक जपानी गाणं त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये दोघींनी वेगवेगळ्या शब्दांत गायलं: अनिता मुईने आणि प्रिसिला चॅनने. प्रिसिलाचं निरोपाचं, स्वच्छ, थोडं शाळकरी. पुढे ती खरोखरच शिकायला अमेरिकेला गेली. अनिताचं मावळत्या सूर्याचं, जाड घोगऱ्या आवाजात. कोणाचं सरस यावर तिथे अजून भांडणं होतात. २००३ च्या नोव्हेंबरात हाँगकाँग कॉलिझियममध्ये अनिताने पांढरा लग्नाचा पोशाख घालून हेच गाणं शेवटी गायलं. तिला कर्करोग होता, डिसेंबर संपायच्या आत ती गेली. ते चित्रीकरण बघायचं तर बघा, पण त्याआधी १९८९ ची ध्वनिमुद्रणं ऐका. नाहीतर गाणं बाजूला राहतं आणि फक्त रडू येतं.

जुनी चित्रीकरणं ऐकताना एका कानात बाई गाते आणि दुसऱ्यात नुसती वाद्यं, असं झालं तर हेडफोन फेकू नका. ती कराओकेच्या व्हीसीडीवरून उतरवलेली असतात. त्यांत एका बाजूला गाण्यासकट आणि दुसऱ्या बाजूला फक्त साथ भरायची पद्धत होती. फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ सुरू केला की भागतं. आणि स्टेफनी सन या गायिकेची गाणी शोधताना तारीख बघा. २०२३ मध्ये यंत्राने (एआयने) तिच्या आवाजात गायलेल्या गाण्यांचं पेव फुटलं. ‘ही गाणी तिने कधी म्हटली?’ असा प्रश्न पडला तर उत्तर बहुधा ‘कधीच नाही’ हे असतं.

स्टेफनी सिंगापूरची. फिश लिआँग मलेशियाची. ए-मेई तैवानच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पुयुमा या आदिवासी जमातीतली. ‘चिनी पॉप’मधल्या मोठ्या बायकांपैकी चीनच्या मुख्य भूमीवरच्या बऱ्याच उशिरा येतात. तिथला मोठा स्फोट २००५ चा: हुनान टीव्हीवरची मुलींची गाण्याची स्पर्धा, एसएमएसने मतं, आणि ३५ लाखांहून जास्त मतं मिळवून जिंकलेली, आखूड केसांची ली युचुन. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत थान वेईवेई दुसरी आली. आवाज दमदार, रॉकला साजेसा, सिछुआनच्या मातीतला.

२०२० मध्ये तिने एक संग्रह काढला. अकरा गाणी, अकरा वेगवेगळ्या बायका. त्यातलं एक गाणं बातम्यांमध्ये खरं नाव झाकून जिला नेहमी एकच ठरावीक नाव दिलं जातं त्या बाईबद्दल आहे, म्हणजे नवऱ्याच्या किंवा मित्राच्या हातून मार खाल्लेल्या, मेलेल्या बाईबद्दल. या गाण्याची आकड्यांची लिपी शोधत बसू नका आणि चालीच्या मागेही जाऊ नका. आधी शब्दांचं भाषांतर वाचा, मग ऐका.