तबकडी मूळचीच का?

गणपतीत मंडळाची पंगत उठली की कुणीतरी खिशातून घड्याळ काढतंच. जुन्या बाजारात उचललेलं, नाहीतर सासऱ्यांनी दिलेलं. अमेरिकन रेल्वेचं, जाडजूड, तळहात भरून टाकणारं. आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "ताई, तबकडी ओरिजिनल आहे ना हो?"

मी पेनसिल्व्हेनियात राहते. हॅमिल्टनची घड्याळं जिथे बनत ते लँकेस्टर माझ्या घरापासून तासाभरावर आहे, आणि वीसेक वर्षं मी ही घड्याळं उघडते आहे. तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगते: छातीठोकपणे "हो" मला क्वचितच म्हणता येतं. जो विक्रेता डोळे झाकून "हो" म्हणतो, त्याच्याकडून जरा जपूनच घ्या.

यंत्रावर नंबर कोरलेला असतो, त्यावरून ते साधारण कुठल्या वर्षी बनलं ते निघतं. तबकडीवर असा नंबर सहसा नसतो. त्यातून त्या काळी यंत्र आणि केस, म्हणजे बाहेरचं कवच, बहुधा वेगवेगळी विकली जात. गिऱ्हाईक दुकानात बसून यंत्र निवडी, केस निवडी, मनासारखी तबकडीही बसवून घेई. मग मूळची म्हणजे कारखान्यातली की दुकानातली?

म्हणून मी आधी तबकडीचं तोंड बघतच नाही, पाठ बघते. या तबकड्या म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर काचेची भुकटी भट्टीत भाजून चढवलेली. मागे तांब्याचे बारीक पाय असतात. ते यंत्राच्या भोकांत उतरतात आणि कडेचे स्क्रू त्यांना धरून ठेवतात. कुठला पाय कुठे, हे प्रत्येक कंपनीचं, प्रत्येक मॉडेलचं वेगळं. एल्जिनची तबकडी वॉल्थमवर बसत नाही, आणि वॉल्थमच्याच एका मॉडेलची दुसऱ्यावर बसेल याचीही खात्री नाही. १६ आणि १८ या दोन साइझच्या यंत्रांत व्यासाचा फरक जेमतेम १.७ मिलिमीटर, नुसत्या डोळ्यांना फसवायला पुरेसा. पाय कापून तबकडी चक्क दुहेरी चिकटपट्टीने डकवलेली घड्याळंही माझ्या हातात आली आहेत. त्यातलं एक मीच भरपूर पैसे मोजून घेतलं होतं, तेव्हा हसायचं काम नाही.

पाय जुळले तर सेकंदाचा काटा बघायचा. त्याचा दांडा भोकाच्या ऐन मध्यातून वर यायला हवा. मग सही, म्हणजे तबकडीवरचं कंपनीचं किंवा दुकानदाराचं नाव. वॉल्थमचं नाव १८८५ पर्यंत अमेरिकन वॉच कंपनी, पुढे १९०६ पर्यंत अमेरिकन वॉल्थम, त्यानंतर वॉल्थम वॉच कंपनी. यंत्रावर एक नाव आणि तबकडीवर वीस वर्षांनंतरचं दुसरं, तर तबकडी बदललेली आहे हे उघड.

पण बदलली का? इथे मला थोडं थांबू द्या. १८९१ च्या एप्रिलमध्ये ओहायोतल्या किप्टनला दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. इंजिन ड्रायव्हरचं घड्याळ मधेच चार मिनिटं बंद पडून पुन्हा चालू झालं होतं, असं सांगतात. त्यानंतर क्लीव्हलँडचे जवाहिरे वेब बॉल यांच्याकडे रेल्वेच्या घड्याळांची तपासणी आली आणि नियम कडक होत गेले. आठवड्याला चूक ३० सेकंदांच्या आत. पांढऱ्या तबकडीवर ठसठशीत काळे आकडे, रोमन नव्हेत, साधे १, २, ३. सांता फे रेल्वेचे घड्याळ-निरीक्षक माँटगोमेरी यांच्या नावाच्या तबकडीवर तर १ ते ६० सगळी मिनिटं आकड्यांत लिहिलेली असतात. म्हणजे रोमन आकड्यांचं चांगलं चालणारं घड्याळ नोकरीत टिकवायचं, तर तबकडी बदलणं आलं. तबकडी तडकली, आकडा दिसेना, तरी बदला. ब्रेक झिजल्यावर बदलतात, तशीच. त्या बदललेल्या तबकडीनेच पुढे तीस-तीस वर्षं गाड्या पाहिल्या. तिला नकली म्हणायला माझी जीभ रेटत नाही. केसाएवढी बारीक चीर असलेली, त्या काळातली, पायांवर नीट बसलेली तबकडी मला आरशासारख्या चकचकीत पण परक्या तबकडीपेक्षा केव्हाही प्यारी. (चिरेत मळ बसला असेल तर कवळी धुवायच्या गोळीत बुडवतात. आधी सही भाजलेली आहे की नुसती वर रंगवलेली, ते बघा. रंगवलेली असेल तर दुकानदाराचं नाव गोळीसोबत वाहून जाईल.)

शेजारच्या गृहस्थांना हे पटत नाही. त्यांच्या पणजोबांचं वॉल्थम १८८० च्या दशकातलं, तबकडी मात्र नंतरची, जाड काळ्या आकड्यांची. दोन वाजताच्या जवळ कड उडालेली. काटे फिरवून वेळ लावायची पट्टी नेमकी तिथूनच नखाने ओढतात. म्हणजे ते नख बहुधा पणजोबांचंच. मी हे सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि इंटरनेटवरून रोमन आकड्यांची एक तबकडी मागवली. 'सेम मॉडेल', असं लिहिलेलं. तीन पायांपैकी दोनच बसले. जुनी परत लावली.

शोध चालूच आहे. परवा त्यांनी आणखी एका तबकडीचा फोटो पाठवला, समोरून काढलेला, अगदी झकास. मी एवढंच लिहिलं, मागची बाजू दाखवायला सांगा.