कोळसा, तेल, वायू: काय पुरलं गेलं आणि किती तापलं

कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांना आपण एका दमात ‘जीवाश्म इंधनं’ म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात तिन्हींचा कच्चा माल आणि घडण सारखी नाही. कोणतं इंधन कशाला वापरायचं हे कारखान्यात ठरतं असं वाटतं, पण त्यातलं बरंचसं जमिनीखाली आधीच ठरून गेलेलं असतं. तेल डायनासोरपासून बनलं, ही समजूत मात्र सोडून द्यावी. मेलेला मोठा प्राणी कुजतो, खाल्ला जातो, आणि त्याचं एकूण वस्तुमान या हिशेबात नगण्य आहे. तेलाचा माल म्हणजे सूक्ष्म प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे जीव, आणि शेवाळ, कोळशाचा माल म्हणजे जमिनीवरची झाडं.

पहिली अट तिघांना सारखीच आहे: कुजणं थांबलं पाहिजे. वनस्पतींनी हवेतून घेतलेला जवळजवळ सगळा कार्बन त्या मेल्यावर जिवाणू आणि बुरशीमार्फत हवेत परत जातो. समुद्रात तर तळाच्या गाळात कायमचा गाडला जाणारा हिस्सा टक्क्याच्याही लहानशा अंशाइतकाच असतो. जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथेच हा अंश वाढतो.

कोळशासाठी अशी जागा म्हणजे दलदल. साचलेलं पाणी, आम्लता जास्त, ऑक्सिजन कमी. पडलेली पानं, खोडं, मुळं अर्धवट कुजून पीट तयार होतं आणि ते वर्षाला साधारण एक मिलिमीटर या गतीने साचतं. दाबाखाली पीट बरंच आकसत असल्यामुळे एक मीटर जाडीच्या कोळशामागे कित्येक मीटर पीट आणि हजारो वर्षांची दलदल उभी असते. इथे एक नाजूक हिशेब आहे. जमीन खचण्याचा वेग आणि पीट साचण्याचा वेग जवळपास सारखा राहावा लागतो. जमीन भराभर खचली तर झाडं बुडतात आणि वर चिखल येतो. खचणं थांबलं तर पीट पाण्याबाहेर येतं, वाळतं, कुजतं किंवा जळून जातं. जाड थर कमी आणि पातळ थर पुष्कळ, याचं एक मोठं कारण हेच. सुमारे 36 ते 30 कोटी वर्षांपूर्वीच्या कार्बोनिफेरस काळात युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या आजच्या भूभागांवर हा हिशेब वारंवार जमला. त्यानंतरच्या पर्मियन काळात गोंडवनाच्या, म्हणजे दक्षिणेकडे तेव्हा एकत्र असलेल्या, खंडांवर तो जमला.

कोळशाचे दोषही दलदलीतच ठरतात. नदीचा पूर दलदलीत शिरला की पिटात माती मिसळते आणि तीच पुढे राख म्हणून भट्टीत उरते. ती कणाकणात भिनलेली असेल तर धुऊन फारशी निघत नाही. समुद्राचं पाणी शिरलं तर त्यातलं सल्फेट जिवाणूंच्या तावडीत सापडतं, त्यापासून हायड्रोजन सल्फाइड होतं आणि लोहाशी जुळून पायराइट बनतं. म्हणूनच ज्या कोळशाच्या थरावर लगेच सागरी खडक आहे, त्यात गंधक जास्त असण्याची शक्यता मोठी.

पुढचं काम उष्णतेचं. वर गाळ चढत जातो, खोली वाढते आणि दर किलोमीटरला तापमान साधारण 25 ते 30 अंश सेल्सिअसने वाढतं. पिटातून आधी पाणी, मग कार्बन डायऑक्साइड, मग मिथेन बाहेर पडत जातं आणि मागे कार्बन उरतो. लिग्नाइटमध्ये, म्हणजे सर्वांत कोवळ्या कोळशात, ओलावाच तीस टक्क्यांहून जास्त असू शकतो. त्याहून पक्व बिटुमिनस कोळशात, ओलावा आणि राख वगळून, कार्बन 77 ते 87 टक्क्यांच्या आसपास असतो, तर सर्वांत पक्व अँथ्रासाइटमध्ये 90 च्या वर.

तेलाची गोष्ट पाण्यात सुरू होते. पृष्ठभागावर प्लवकांची भरघोस वाढ आणि तळाशी ऑक्सिजनचा दुष्काळ, अशा जागी काळपट, बारीक कणांचा चिखल साचतो. तो दबून शेल खडक होतो. त्यात सेंद्रिय कार्बन निदान एक-दोन टक्के तरी असावा, नाहीतर तयार झालेलं तेल खडकातच चिकटून राहतं, बाहेर पडायला पुरत नाही. हा सेंद्रिय भाग आधी केरोजेनच्या रूपात असतो, म्हणजे कोणत्याही नेहमीच्या द्रावकात न विरघळणारा, मोठमोठ्या रेणूंचा गुंता.

केरोजेन साधारण 60 अंशांच्या पुढे तुटू लागतं. 60 ते 120 अंश आणि फार तर 150 पर्यंत तेल मिळतं. नेहमीच्या तापमानवाढीने ही खोली दोन ते चार-पाच किलोमीटर येते. त्याहून तापलं तर तेलाचे लांब रेणूही तुटतात आणि शेवटी मिथेन उरतो. केरोजेन मुळात झाडांच्या लाकडी भागांपासून आलेलं असेल तर त्यात हायड्रोजन कमी असतो, आणि तापवूनही तेल थोडं, वायूच जास्त निघतो. एक अपवाद ध्यानात ठेवायचा: उथळ, थंड गाळात जिवाणूही थेट मिथेन बनवतात, त्याला एवढी उष्णता लागत नाही.

वेळेपेक्षा तापमान भारी पडतं. काळ दुप्पट झाला तर परिणाम साधारण दुप्पट. तापमान मात्र थोडंसं वाढलं तरी क्रियेचा वेग कैकपटींनी वाढतो. अमेरिकेतला ग्रीन रिव्हर शेल पाच कोटी वर्षांच्या आसपास जुना आहे, तरी त्याचा बराच भाग पुरेसा तापलाच नाही. त्यातून तेल हवं असेल तर निसर्गाचं उरलेलं काम भट्टीत, सुमारे 500 अंशांवर, स्वतः करावं लागतं. त्यात खर्च होणारी ऊर्जा पाहता ‘एवढा मोठा साठा पडून आहे’ या बातम्या जपूनच वाचाव्यात.

खडक किती तापला होता हे कळतं कसं? शेलमध्ये झाडांचे बारीक कोळसारूप कण विखुरलेले असतात, त्यांना व्हिट्रिनाइट म्हणतात. नमुना राळेत बसवून आरशासारखा घासतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली, तेलाच्या थेंबातून, त्या कणावर पडलेल्या प्रकाशातला किती परत आला ते मोजतात. जितका जास्त तापला तितका कण चकाकतो. साधारण 0.6 टक्के परावर्तन असेल तर खडक तेल द्यायला लागलेला असतो, 1.3 च्या पुढे तेलाचे दिवस सरत येतात, 2 च्या पुढे कोरडा वायू, म्हणजे जवळजवळ नुसता मिथेन. हीच मोजपट्टी कोळशालाही लागू पडते: लोखंडाच्या भट्टीसाठी लागणारा उत्तम कोकिंग कोळसा, म्हणजे भाजून कोक बनवायचा कोळसा, साधारण 1 ते 1.5 या पट्ट्यात सापडतो. या सगळ्या विषयात माझ्या मते सर्वांत देखणी मोजणी हीच.

तेल बनलं म्हणजे सापडलं असं नव्हे. जमिनीखाली तेलाची तळी नसतात. ते वाळूच्या खडकातल्या किंवा चुनखडीतल्या बारीक छिद्रांत असतं, आणि चांगल्या साठ्यात ही छिद्रं खडकाच्या 10 ते 25 टक्के आकारमानाइतकी भरतात. ती छिद्रं एकमेकांना जोडलेली हवीत, नाहीतर तेल असूनही हलत नाही. पाण्याहून हलकं म्हणून ते पाण्याने भरलेल्या छिद्रांतून वर सरकतं. वर शेल किंवा मिठाचा अभेद्य थर भेटला आणि तो घुमटासारखा वाकलेला किंवा प्रस्तरभंगाने, म्हणजे खडक तुटून सरकल्याने, अडवलेला असला तरच साठतं. शिवाय हा सापळा तेल सरकण्याआधी तयार झालेला असला पाहिजे. कोरड्या निघालेल्या विहिरींत अनेकदा खडक, सापळा, झाकण सगळं असतं. फक्त घुमट उशिरा उठलेला असतो आणि तेल कधीच निघून गेलेलं असतं.

साठा उथळ, म्हणजे साधारण 80 अंशांहून थंड राहिला, तर जिवाणू त्यातले हलके रेणू आधी फस्त करतात. उरतं ते डांबरासारखं जड तेल. कॅनडातल्या अथाबास्काची तेलवाळू अशीच घडली. आणि चांगल्या साठ्यातूनही सगळं तेल कधीच निघत नाही. आपोआप येणारा दाब संपला की पाणी सोडून ढकलतात, तरी साधारण एक तृतीयांश हाती लागलं तर ठीक म्हणायचं. बाकीचं छिद्रांत थेंबाथेंबाने अडकून राहतं.

वापराकडे येताना एकच गोष्ट धरून ठेवली की पुढचं सोपं जातं: हायड्रोजन आणि कार्बन यांचं प्रमाण. मिथेनमध्ये एका कार्बनमागे चार हायड्रोजन, कच्च्या तेलात दोनाच्या किंचित खाली, बिटुमिनस कोळशात एकाहूनही कमी. म्हणून जळताना एक किलोवॉट-तास उष्णतेमागे कार्बन डायऑक्साइड कोळशातून सुमारे 340 ग्रॅम, डिझेलमधून 270 आणि वायूतून 200 ग्रॅम निघतो. वायूची ही बढत गळती झाली की झपाट्याने कमी होते, कारण वीस वर्षांच्या हिशेबात मिथेनची उष्णता अडवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 80 पट आहे.

कच्च्या तेलाचा पिंप 159 लिटरचा. शुद्धीकरणात पहिली पायरी मीठ काढण्याची. तेलाबरोबर आलेल्या खारट पाण्यातले मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्लोराइड तापल्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल देतात आणि तेल उकळून त्याचे भाग वेगळे करणाऱ्या मनोऱ्याच्या वरच्या थंड भागातले पाइप खातात. म्हणून आधी तेल पाण्याने धुऊन, विद्युत क्षेत्रात थेंब एकत्र करून पाणी वेगळं करतात. मग तेल 350 ते 370 अंशांपर्यंत तापवून मनोऱ्यात सोडतात. वरून वायू आणि नॅफ्था, म्हणजे पेट्रोलसारखा हलका भाग, मध्ये केरोसीन, त्याखाली डिझेल. तळाच्या अवशेषाला आणखी तापवता येत नाही. रेणू तुटून भट्टीच्या नळ्यांत कोक, म्हणजे कार्बनचा कडक थर, जमतो. म्हणून तो निर्वातात, कमी तापमानावर उकळवतात, आणि शेवटी डांबर उरतं.

पेट्रोल आणि डिझेलमधला फरक फक्त जडपणाचा नाही. लांब, सरळ साखळीचे रेणू दाबाखाली चटकन पेट घेतात. डिझेल इंजिनाला तेच हवं असतं, पेट्रोल इंजिनात त्यानेच ठोके बसतात. पण हेच सरळ रेणू थंडीत मेणासारखे गोठतात आणि डिझेलचा फिल्टर तुंबतो. हिवाळी डिझेल वेगळं बनवतात ते यासाठी.

वायूचा मोठा वापर जाळण्याबाहेरही आहे. मिथेन आणि वाफ निकेल उत्प्रेरकावर 800 ते 900 अंशांना आणून हायड्रोजन मिळवतात. मग हवेतल्या नायट्रोजनशी, 400 ते 500 अंश आणि शंभराहून जास्त वातावरणांच्या दाबाखाली, लोहाच्या उत्प्रेरकावर अमोनिया बनवतात. त्यातूनच युरिया. वायूत गंधकाचा अंश राहिला तर निकेल निकामी होतं, म्हणून तो आधी काढतात. जहाजाने न्यायचा वायू उणे 162 अंशांवर द्रवरूप करतात, आकारमान सहाशे पटींनी घटतं. पण त्याआधी पाणी आणि कार्बन डायऑक्साइड काढले नाहीत तर ते गोठून नळ्या बंद करतात. गळतीचा इशारा देणारं यंत्र बसवतानाही रेणू पाहावा लागतो: मिथेन हवेहून हलका म्हणून यंत्र छताजवळ, सिलिंडरमधला प्रोपेन-ब्युटेन जड म्हणून जमिनीजवळ.

कोळशात कोक वेगळा समजून घ्यावा. निवडक कोळसा हवा न लागू देता 1,000 ते 1,100 अंशांवर सुमारे 15 ते 20 तास भाजला की तो आधी मऊ होतो, फुगतो आणि मग सच्छिद्र, टणक होऊन बसतो. झोतभट्टीत, म्हणजे खनिजातून लोखंड काढण्याच्या भट्टीत, तो इंधन असतो, लोहखनिजातला ऑक्सिजन काढणारा असतो, आणि वरच्या भाराला आधार देत वायूला वाट मोकळी ठेवणारा असतो. मोठ्या भट्टीत तिसरं काम दुसऱ्या कशाने साधत नाही. असा कोळसा उघड्यावर फार दिवस पडला तर हवेने ऑक्सिडाइज होऊन त्याचा मऊ होण्याचा गुण जातो, आणि मग तो साधा वीज केंद्राचा कोळसा उरतो.

कोवळा कोळसा, म्हणजे लिग्नाइट आणि त्याच्या वरच्या पायरीचा, ढिगात आपोआप पेटतो, कारण त्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनशी भिडायला भरपूर जागा असते आणि निघालेली उष्णता आत कोंडते. म्हणून ढीग पातळ थरांनी, दाबून रचतात. उतार मंद ठेवतात. मोठे ढेकळे घरंगळून कडेला गोळा होऊ देत नाहीत, कारण त्यांच्या फटींतून आत हवा शिरते. वाळलेल्या ढिगावर थोडंसं पाणी मारणं उलट अंगाशी येतं. कोरडा कोळसा ओला होतानाच उष्णता सोडतो. ढिगाच्या आतलं तापमान 60 ते 70 अंशांवर चढलं की तो भाग उकरून, पसरून, आधी वापरून टाकायचा. लाल झालेल्या निखाऱ्यावर थेट पाण्याचा फवारा मारू नये. तप्त कार्बन आणि वाफ मिळून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड देतात, आणि ते दोन्ही पेटतात.